मान हलवली म्हणून

माझे मालक लढाईवरून परत आले त्या दिवशी सासूबाईंनी त्यांना पहिला प्रश्न केला तो जेवणाचा. ‘‘वाटंत काय खाल्लंस का न्हाई रं?’’ मालकांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘‘व्हय.’’ म्हणून आम्ही चूल लगेच पेटवली नाही. गावातली माणसं भेटायला येत राहिली. मालक सगळ्यांकडे बघून हसत होते, ‘‘व्हय, व्हय’’ म्हणत होते. दिवस कलल्यावर मी परड्यात गेले, तर हा माणूस गुरांपुढे टाकलेल्या भुईमुगाच्या वेलांना चुकून राहिलेल्या शेंगा शोधून खात होता.

‘‘आवं, भूक लागली तर सांगायचं न्हाई व्हय?’’ मी पाठीमागून म्हटलं. ते वळले नाहीत. मी पुढे जाऊन उभी राहिले तेव्हा दचकले, आणि मूठ मागे लपवून मला म्हणाले, ‘‘व्हय, व्हय.’’

तेव्हा मला उमगलं. त्यांना ऐकू येत नव्हतं. आणि आपल्याला ऐकू येत नाही हे ते आमच्यापासून लपवत होते.

आमचं गाव कुंडलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्या वेळच्या औंध संस्थानातलं. घरटी एखादा माणूस तरी फौजेत. मालक तोफखान्यात होते आणि त्यांची पलटण ब्रह्मदेशात गेली होती. जाण्याआधी त्यांचे कान चांगले होते. मी विहिरीच्या काठावरून साध्या आवाजात हाक मारली तरी पलीकडच्या उसातून ओ द्यायचे. काय झालं ते त्यांनी एका दमात कधीच सांगितलं नाही. आज थोडं, चार दिवसांनी थोडं, असं मी ते जमवलं. तोफेजवळ गोळा येऊन पडला होता. डाव्या कानातून रक्त आलं. इस्पितळात राहून ते पुन्हा तोफेवर गेले, आणि पुढे उजवा कानही हळूहळू जात राहिला. पण हे कुणाला कळलं तर आपल्याला तोफेवरून काढून भलत्याच माणसांत टाकतील, या भीतीनं ते साहेबाच्या तोंडाकडे बघून काम ओळखायचे. कळलं नाही तरी ‘जी साहेब’ म्हणायचे. मग शेजारचे गडी काय करतात ते बघून तसंच करायचे. ती सवय घेऊनच ते घरी आले होते.

उजव्या कानाशी तोंड नेऊन सावकाश बोललं तर त्यांना थोडं समजायचं. मी तसं बोलायला लागले, हातवारे करायला लागले. त्यांना ते आवडत नसे. चारचौघांत मी कानाशी वाकले की ते मला हातानं बाजूला सारायचे.

काही महिन्यांनी सरकारी लखोटा आला. कागद इंग्रजीतला. गावात एक पेन्शनीतले सुभेदार होते, त्यांच्या ओसरीवर आम्ही तिघंही गेलो. सासूबाई, मालक आणि मी. सुभेदारांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

‘‘पेन्शन न्हाई म्हनत्यात,’’ ते सासूबाईंना म्हणाले. ‘‘कानाचं दुखनं ल्हानपनापास्नंचं हाय. नोकरीमुळं झालेलं न्हाई.’’

‘‘कुनी सांगितलं ल्हानपनापास्नंचं?’’

‘‘ह्यानंच सांगितलं. हितं लिव्हलंय तसं. घरी पाठवताना डाक्टरनं इचारलं, ल्हानपनी कान फुटायचा का, तर ह्यो व्हय म्हनला.’’

सासूबाई उसळल्या. ‘‘माज्या पोराचा कान कवा फुटला? मी आई हाय त्याची!’’

मालक आमच्या तोंडांकडे बघत होते. सुभेदारांनी त्यांच्याकडे वळून कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘काय रं, आसंच सांगितलंस न्हवं?’’ आणि मालकांनी मान हलवली. ‘‘जी,’’ म्हणाले.

‘‘बगा,’’ सुभेदार म्हणाले. ‘‘सोताच्या तोंडानं सांगतोय. आता आनि काय करायचं?’’

सुभेदारांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही अशी आमच्याकडची रीत होती. घरी आल्यावर मात्र मी पदर तोंडावर धरला आणि सासूबाईंच्या देखत मालकांना विचारलं, ‘‘आवं, तुमी तिकडं दुसरं लगीन केलंसा का?’’

‘‘व्हय,’’ मालक म्हणाले, आणि हसले.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. ‘‘आगं बया, ह्यो काय म्हनतोय?’’

‘‘आत्या, ते काईच म्हनत न्हाईत,’’ मी म्हणाले. ‘‘त्यास्नी ऐकूच आलं न्हाई. डाक्टरापुढंबी आसंच झालं आसनार.’’

मग मालकांच्या कानाशी लागून मी त्यांना सगळं सांगितलं. कागदात काय आहे, सुभेदारांनी काय विचारलं, मी काय विचारलं. ते ऐकताना त्यांचं तोंड काळंठिक्कर पडलं. मला वाटलं होतं, त्यांना डॉक्टरचा राग येईल. राग आला तो माझा. ‘‘मला बहिरा ठरवायला निघालीस का?’’ असं म्हणून ते ताडकन उठून शेताकडे निघून गेले.

अपील करता येतं, असं सुभेदारांनीच पुढे एकदा सांगितलं. पण अपील करायचं म्हणजे साहेबांपुढे उभं राहून सांगायचं, मी बहिरा आहे, मी न ऐकताच हो म्हणत गेलो. हे मालकांच्याने होईना. गावात दुसरीही बोलणी होती. त्या दिवसांत आमच्या भागात गोऱ्या सरकारविरुद्ध उभं राहिलेली पोरं घरोघर होती. त्यांतलाच एक, माझा चुलतदीर, येऊन म्हणाला, ‘‘वैनी, ज्या सरकाराला हाकलायचं त्याच्याच म्होरं हात पसरतायसा व्हय?’’ मी त्याला म्हणाले, ‘‘हात कोन पसरतंय? कान गेले ते कुनाच्या तोफंवर गेले? सरकार गेलं तर जाऊ दे. जायाच्या आधी ह्याचा इन्साफ करून जाऊ दे.’’ मालक तिथेच बसले होते, पण त्यांना यातलं काही कळलं नाही.

ते बदलले ते मोटेवरच्या एका सकाळी. उसाला पाणी चाललं होतं. मालक बैल हाकत होते. धाकटे दीर विहिरीत उतरून कातड्याच्या मोटेचा अडकलेला दोर सोडवत होते. दोर सुटला पण त्यांचा हात त्यात गुंतला, आणि त्यांनी खालून ओरडून सांगितलं, थांब. मालकांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी बैल पुढे दामटले. मी पाटातलं पाणी उसाच्या सरींत वळवत होते. ओरडणं ऐकून मी खोरं टाकून धावले, बैलांपुढे आडवी झाले. दिरांना वर काढलं तेव्हा त्यांचा खांदा निखळला होता.

कुणी मालकांना बोललं नाही. दिरांनीही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी मोटेवर दुसरा गडी उभा राहिला. मालक दिवसभर ओसरीवर बसून राहिले. मी कामं करत येता-जाता त्यांच्याकडे बघत होते. तिन्हीसांजेला मी दिवा लावत होते तेव्हा ते उठून माझ्याजवळ आले आणि बहिऱ्या माणसांचा असतो तसल्या मोठ्या आवाजात म्हणाले, ‘‘कुटं जायाचं ते चल. मी यीतो.’’

आम्ही आधी साताऱ्याला गेलो. सैनिकांची कामं बघणारी कचेरी तिथे होती. तिथल्या कारकुनानं गावाचं नाव ऐकलं आणि म्हणाला, ‘‘तुम्ही संस्थानातले. तुमचं इथं नाही.’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, लढाईत जाताना कुनी इचारलं न्हाई संस्थानातलं का कुटलं.’’ त्यावर तो म्हणाला, नियम आहे. आम्ही परत फिरलो. नियम तसा नव्हता, हे आम्हांला सांगलीत कळलं.

सांगलीत आमच्या हळदीचे व्यापारी होते. जैन गृहस्थ, सगळी पेठ त्यांना आण्णा म्हणायची. सासऱ्यांच्या वेळेपासून आमची हळद त्यांच्याकडे जात असे. त्यांचा भाचा वकिली शिकून आला होता. आण्णांनी गादीवर आमच्यासाठी जागा केली, चहा मागवला आणि मला म्हणाले, ‘‘बाई, मालकांना बोलता येत नसंल तर तुमी बोला. सावकाश, सुरुवातीपासून.’’ परपुरुषासमोर इतकं बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. माझी मान वर होत नव्हती, पण मी सगळं सांगितलं. भाच्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, फौज संस्थानची नव्हती, पेन्शनही संस्थानचं नाही, अपील घ्यावंच लागेल. मग त्यानं आम्हांला सांगलीतल्याच एका कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं.

डॉक्टरांनी दोन्ही कान नीट तपासले. आधी डाव्याचा पडदा फाटला आहे म्हणाले, मग उजवाही अधू आहे म्हणाले. मी विचारलं, ‘‘तोफंमुळंच ना, डाक्टर?’’

ते प्रामाणिक माणूस होते. ‘‘ऐकू येत नाही, एवढं मी लिहून देईन,’’ ते म्हणाले. ‘‘केव्हापासून येत नाही ते मला आज कान बघून सांगता येणार नाही. तुमच्या मालकांनी सरकारी डॉक्टरला हो कशाला सांगितलं?’’

‘‘ऐकू आलं न्हाई म्हनून.’’

‘‘मग हेच तुम्हांला तिथं पटवायचं आहे,’’ ते म्हणाले.

भाच्यानं अर्ज लिहिला. भरती करताना डॉक्टरनं तपासून पास केलेला माणूस लहानपणापासून बहिरा कसा असेल, असं त्यात होतं. गावच्या चार जाणत्या माणसांनी, हा पोरगा धडधाकट होता, असं सह्या-अंगठे करून दिलं. सुभेदारांनीही सही केली. सही करताना ते मला म्हणाले, ‘‘सूनबाई, त्या दिवशी माज्या ध्यानात यायला पायजे हुतं.’’

त्यानंतर सुरू झाली आमची कवायत. अपील ऐकणारं मंडळ साताऱ्यात बसणार होतं आणि तिथे मालकांना एकच गोष्ट करायची होती. ऐकू आलं नाही की ‘ऐकू आलं न्हाई’ म्हणायचं. एवढं एक वाक्य. पण वर्षानुवर्षं ज्यानं त्याच्या उलट केलं त्याला ते जड गेलं. मी पदर तोंडावर धरून काहीतरी विचारायची. कधी ‘आज बाजार हाय का?’ कधी ‘तुमाला शिंगं हायत का?’ मालकांची मान आपोआप हलायची. मग मी कानावर हात ठेवायची. ही आमची खूण. ती बघितली की त्यांनी म्हणायचं, ‘‘ऐकू आलं न्हाई.’’ चिडायचे. एकदा ताट भिरकावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच येऊन समोर बसले आणि म्हणाले, ‘‘हं, इचार.’’ माझ्या सासूबाईही त्यात सामील झाल्या. भाकरी थापता थापता पाठमोऱ्या बसूनच काहीतरी पुटपुटायच्या आणि मला विचारायच्या, ‘‘काय म्हनला गं?’’

तारीख येईपर्यंत बराच काळ गेला. अर्ज गेला तेव्हा राज्य गोऱ्यांचं होतं, बोलावणं आलं तेव्हा आपलं होतं. रेल्वेनं सातारा रोडला उतरून मोटारीनं आम्ही साताऱ्याला पोचलो. मालकांनी फौजेतला जुना कोट घासूनपुसून घातला होता. सासूबाई निघताना म्हणाल्या होत्या, ‘‘घराची काळजी करू नगंस. तू त्याला सोडून कुटं भाईर थांबू नगंस.’’

आणि दारात नेमकं तेच झालं. पट्टेवाला म्हणाला, ‘‘बाईंचं आत काय काम? बाहेर बसा.’’

‘‘आत साहेब बोलतील ते ह्यास्नी कोन सांगनार?’’

‘‘साहेब मोठ्यानं बोलतील.’’

‘‘तोफंपरीस मोठ्यानं?’’ मी म्हणाले. ‘‘आवं, तिनंच कान गेल्यात.’’

तो आत जाऊन विचारून आला आणि त्यानं मला सोडलं.

टेबलामागे तिघे बसले होते. मधले अध्यक्ष, वयस्कर, मराठी बोलणारे. एका बाजूला चष्मा लावलेले डॉक्टर, दुसऱ्या बाजूला गणवेशातले एक अधिकारी. मला भिंतीशी बाक दाखवला. मालक टेबलासमोर उभे राहिले. त्यांची नजर त्या गणवेशावर गेली आणि मी बघितलं, त्यांच्या टाचा एकमेकींना चिकटल्या, छाती पुढे आली.

अध्यक्षांनी कागद बघत, मान खाली घालूनच विचारलं, ‘‘लहानपणापासून तुमचा कान फुटत होता, असं तुम्ही डॉक्टरांना सांगितलं होतं. खरं आहे हे?’’

‘‘जी साहेब!’’ मालक म्हणाले.

सगळी कवायत फुकट गेली. लिहिणाऱ्या कारकुनानं टाक दौतीत बुडवला. मी बाकावरून उठले.

‘‘साहेब, लिहू नगा. त्यास्नी ऐकू आलं न्हाई.’’

‘‘बाई, तुम्हांला विचारलेलं नाही,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘खाली बसा.’’

‘‘बसती. पन त्यास्नीच इचारा, आत्ता तुमी काय म्हनलासा ते. एवढं इचारा, मग मला भाईर काढा.’’

अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. समोरचा एक कागद उचलून त्यांनी आपल्या तोंडापुढे धरला आणि त्याच्यामागून, तुम्हीआम्ही बोलतो तशा आवाजात विचारलं, ‘‘तुमचं नाव काय?’’

‘‘जी साहेब!’’

‘‘मुलं किती तुम्हांला?’’

‘‘जी साहेब!’’

‘‘म्हणजे तुम्हांला चांगलं ऐकू येतं तर?’’

‘‘जी साहेब!’’

कारकुनाचा टाक तसाच हातात होता. डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. मालकांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. काहीतरी चुकलं हे त्यांना समजलं, काय चुकलं ते समजलं नाही. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी कानावर हात ठेवला.

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी लाल झाला, मग उतरला. टाचा सुटल्या. साधा शेतातला माणूस उभा राहतो तसे ते उभे राहिले, आणि त्या मोठ्या, बेताल आवाजात म्हणाले, ‘‘साहेब, मला ऐकू येत न्हाई. आत्ताबी आलं न्हाई. त्या डाक्टरनं इचारलं तवाबी आलं न्हवतं. भ्या वाटायचं म्हनून जी म्हनायचो. ल्हानपनी माजं कान चांगलं हुतं. हिला इचारा. माज्या आईला इचारा.’’

डॉक्टर उठून टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि उजव्या कानाशी वाकून स्वतः बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मालकांनी लगेच मान हलवली नाही. थोडं थांबले, मग म्हणाले, ‘‘आता आलं. गोळा डाव्या बाजूला पडला हुता.’’ पुढचे सगळे प्रश्न डॉक्टरांनी असेच कानाशी लागून विचारले. जे कळलं नाही ते मालकांनी कळलं नाही म्हणून सांगितलं. गणवेशातल्या अधिकाऱ्यांनी एकदाच तोंड उघडलं. हिंदीत, मोठ्यानं, कोणती तोफ ते विचारलं. मालकांनी त्यांच्या ओठांकडे बघून बरोबर उत्तर दिलं.

बाहेर आल्यावर आम्ही एका झाडाखाली बसून भाकरीचं फडकं सोडलं. खाऊन झाल्यावर मालक म्हणाले, ‘‘पयलं जी म्हनलो ते तोंडातनं गेलंच.’’ मी त्यांच्या कानाशी वाकले. या वेळी त्यांनी मला बाजूला सारलं नाही, रस्त्यानं माणसं जात होती तरी. ‘‘तेच बरं झालं,’’ मी म्हणाले.

निकाल यायला पावसाळा उलटला. डावा कान लढाईत गेला हे मान्य झालं, पेन्शन मंजूर झालं. उजव्या कानाचा मात्र नोकरीशी संबंध सिद्ध होत नाही, असं लिहिलं होतं. सुभेदारांच्या ओसरीवर ते वाचून झालं तेव्हा सासूबाईंनी लगेच देवीला नारळ बोलला. मला रडू फुटलं. मालक मात्र सुभेदारांना म्हणाले, ‘‘परत एकदा सांगा. नीट कळलं न्हाई.’’ सुभेदारांनी त्यांच्या कानाशी बोलून परत सांगितलं.

‘‘आनि उजव्याचं काय?’’ मालक म्हणाले. ‘‘त्योबी तिथंच गेला.’’

पुढच्या बाजाराला आम्ही पुन्हा सांगलीला आण्णांच्या दुकानात होतो. या खेपेला बोलणं मालकांनीच केलं, मी शेजारी बसून फक्त आण्णांचं म्हणणं त्यांच्या कानात सांगितलं. दुसरा अर्ज गेला. त्याला पहिल्यापेक्षा जास्त दिवस लागले आणि अखेरीस तो फेटाळला गेला. याच्यापुढे जायला वाट नाही, असं आण्णांच्या भाच्यानं सांगितलं. मालकांनी त्याला ते दोनदा विचारलं. खरोखरच वाट नाही असं पटल्यावरच ते गादीवरून उठले.

मोटेवर ते परत कधी गेले नाहीत. तोवर त्यांनी गुऱ्हाळावर रस आटवायच्या काहिलीशी उभं राहायला सुरुवात केली होती. उसाचा रस कधी उतरवायचा हे गुळव्या डोळ्यांनी आणि बोटांनी ठरवतो, तिथे कानाचं फारसं काम नसतं. पहिल्या हंगामात त्यांच्या हातनं बराच गूळ करपला. जुना गुळव्या शिव्या द्यायचा. त्यातल्या पुष्कळशा त्यांना ऐकू जात नसत. दुसऱ्या हंगामात आजूबाजूच्या गावांची बोलावणी यायला लागली. बोलवायला आलेला माणूस लांबूनच काही बोलायला लागला, की ते त्याला हातानं जवळ बोलवायचे, उजवा कान पुढे करायचे आणि म्हणायचे, ‘‘हिकडनं बोल.’’